संकेतस्थळाची चिठ्ठी : ‘कुकी’चे कार्य आणि तिची व्यवस्था

(उच्च प्राथमिक वर्गांना शिकविणाऱ्या शिक्षकांसाठी अभ्यासपाठ)

१. विषयाचे प्रयोजन

मोताळा तालुक्यातील एखाद्या द्विशिक्षकी शाळेचे मुख्याध्यापक पटाची माहिती भरण्यासाठी तालुक्याच्या गावी आले आहेत, असे समजू. शाळेतील जोडणी मंद आहे आणि माहिती भरण्याची मुदत उद्या संपत आहे. म्हणून ते एका संगणक केंद्रात बसून काम पुरे करतात. बाहेर एस. टी. उभी असते. काम संपताच ते पडद्यावरील ते पान बंद करतात आणि घाईने निघतात. त्यांच्यामागून एखादा तरुण त्याच खुर्चीवर येऊन बसतो व काही कारणाने तेच संकेतस्थळ उघडतो. संकेतस्थळ त्याला परवलीचा शब्द विचारीत नाही. मुख्याध्यापकांचे नाव, मुलांची यादी, जन्मतारखा, जात, पालकांचे दूरध्वनी क्रमांक हे सारे त्याच्यासमोर उभे राहते.

या तरुणाने कोणतीही लबाडी केलेली नाही. यंत्रही बिघडलेले नाही. उलट ते नेमून दिलेले काम चोख करीत आहे. शाळेतील दाखल-खारीज रजिस्टर कपाटात कुलूपबंद ठेवण्याची शिस्त प्रत्येक मुख्याध्यापक जाणतो व पाळतो. मात्र तीच माहिती पडद्यावर उघडी राहू शकते, आणि त्यामागे ‘कुकी’ नावाची एक लहानशी चिठ्ठी असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ही चिठ्ठी कशी काम करते, तिचा उपयोग कोणता, तिच्यापासून उपद्रव केव्हा होतो आणि तिची व्यवस्था कशी ठेवावी, हे शिक्षकांनी प्रथम स्वतः समजून घ्यावे व मग मुलांना शिकवावे, हा प्रस्तुत पाठाचा हेतू आहे.

२. यंत्राला ओळख का राहत नाही

संकेतस्थळ पाहताना दोन यंत्रांमध्ये प्रश्नोत्तरे चालतात. वाचकाच्या संगणकातील किंवा फोनमधील ब्राउझर ‘अमुक पान पाठवा’ अशी मागणी करतो, आणि दूर कोठेतरी असलेले सर्व्हर नावाचे यंत्र ते पान पाठविते. या देवघेवीच्या नियमांना एचटीटीपी म्हणतात. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हानजीकच्या सर्न या संशोधन संस्थेत १९८९ ते १९९१ या काळात जी रचना सिद्ध केली, तिचाच हा भाग होय.

या नियमांत एक गोष्ट मुळातच नव्हती, ती म्हणजे स्मरण. पान पाठविले की सर्व्हरचे काम संपले. तोच वाचक पुन्हा क्षणभराने आला तरी सर्व्हरच्या लेखी तो नवा पाहुणा असे. केवळ लेख वाचावयाचे असतील, तर यात काही अडत नाही. पण वाचकाने एका पानावर आपले नाव व परवलीचा शब्द देऊन प्रवेश केला आणि दुसरे पान उघडताच सर्व्हर त्याला विसरला, तर प्रत्येक पानावर पुन्हा पुन्हा ओळख द्यावी लागेल. एखाद्या दुकानात पिशवीत वस्तू टाकाव्यात आणि दुसऱ्या फळीकडे वळताच पिशवी रिकामी व्हावी, तशी स्थिती होईल.

ही अडचण १९९४ साली लू मॉन्टुली या अमेरिकन संगणक-अभियंत्याने सोडविली. तो त्या वेळी नेटस्केप कंपनीत काम करीत होता. संगणकावरील दुकानात गिऱ्हाइकाने निवडलेल्या वस्तूंची नोंद सर्व्हरने सांभाळण्याऐवजी गिऱ्हाइकाच्याच यंत्रात ठेवावी, अशी ही कल्पना होती. कार्यक्रम लिहिणाऱ्या मंडळींत एका यंत्राने दुसऱ्यास देऊन जसाच्या तसा परत घ्यावयाच्या लहान मजकुराला ‘मॅजिक कुकी’ म्हणण्याची पद्धत पूर्वीपासून होती. त्यावरून ‘कुकी’ हे नाव पडले. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ बिस्किटासारखा खाद्यपदार्थ असाही आहे. मुले हमखास हसतील, म्हणून शिक्षकांनी हा खुलासा आरंभीच करावा.

३. चिठ्ठीचे कार्य

सरकारी दवाखान्यातील केसपेपर मुलांच्या परिचयाचा असतो. डॉक्टर दिवसभरात कित्येक रोगी तपासतात. प्रत्येकाचा चेहरा व आजार त्यांच्या लक्षात राहणे शक्य नसते. म्हणून पहिल्या भेटीत रोग्याला क्रमांक घातलेला कागद दिला जातो. तो कागद रोग्यानेच सांभाळावयाचा आणि पुढच्या खेपेस दाखवावयाचा. कागद दाखविला की मागील उपचार कळतात. घरी विसरला, तर रोगी पुन्हा नवा ठरतो.

कुकीचे कार्य नेमके असेच चालते. ते तीन पायऱ्यांनी फळ्यावर लिहून दाखवावे.

पहिली पायरी : ब्राउझर प्रथमच पान मागतो. त्याच्याजवळ चिठ्ठी नसते.

दुसरी पायरी : सर्व्हर पान पाठविताना सोबत एक ओळ पाठवितो, ‘सेट-कुकी : ओळख = ७४२’. ब्राउझर ही ओळ त्या संकेतस्थळाच्या नावाखाली जपून ठेवतो.

तिसरी पायरी : यानंतर त्याच संकेतस्थळाकडे होणाऱ्या प्रत्येक मागणीसोबत ब्राउझर आपण होऊन ‘कुकी : ओळख = ७४२’ ही ओळ जोडतो. सर्व्हर आपल्या वहीत ७४२ हा क्रमांक काढून पाहतो आणि पाहुणा ओळखतो.

येथे तीन गोष्टी ध्यानात घ्यावयास हव्यात. पहिली अशी की, कुकी हा केवळ मजकूर आहे. तो चालणारा कार्यक्रम नव्हे. म्हणून कुकी म्हणजे संगणकाला होणारा रोग, हा समज चुकीचा आहे. कुकीला संगणकातील छायाचित्रे किंवा कागदपत्रे वाचता येत नाहीत. दुसरी, तिचा आकार अगदी लहान असतो. सामान्यतः एका कुकीस सुमारे ४,००० अक्षरांची मर्यादा असते. तिसरी, एका संकेतस्थळाने दिलेली चिठ्ठी ब्राउझर दुसऱ्या संकेतस्थळास दाखवीत नाही. एका दवाखान्याचा केसपेपर दुसऱ्या दवाखान्यात चालत नाही, तसाच हा नियम आहे.

४. चिठ्ठीची मुदत आणि जोखीम

मुदतीच्या दृष्टीने कुकी दोन प्रकारच्या असतात. काही कुकी ब्राउझर पूर्णपणे बंद होईपर्यंतच टिकतात. त्यांना सत्रापुरत्या कुकी म्हणता येईल. इतरांवर अखेरची तारीख घातलेली असते व तोवर त्या यंत्रात राहतात. ‘मला लक्षात ठेवा’ या चौकटीत खूण केली की बहुधा अशीच दीर्घ मुदतीची चिठ्ठी दिली जाते. क्रोम या ब्राउझरने २०२२ पासून या मुदतीस ४०० दिवसांची कमाल मर्यादा घातली आहे.

आता आरंभीच्या मुख्याध्यापकांचे काय झाले, ते उलगडते. त्यांनी केवळ एक पान बंद केले. ब्राउझर चालूच होता आणि त्यांची चिठ्ठी त्यातच राहिली. पुढील माणसाने तेच संकेतस्थळ उघडताच ब्राउझरने आज्ञाधारकपणे चिठ्ठी दाखविली. सर्व्हरला माणूस दिसत नाही. त्याला केवळ चिठ्ठी दिसते. आपल्याकडे वीज मध्येच जाते, हेही येथे लक्षात घ्यावे. वीज परत आल्यावर ब्राउझर ‘मागील पाने पुन्हा उघडू काय?’ असे विचारतो, आणि होकार दिल्यास सत्रापुरत्या कुकीही पुष्कळदा जिवंत होतात. यास्तव संगणक बंद पडला म्हणजे आपण बाहेर पडलो, असे मानू नये.

बाहेर पडण्याचा खरा मार्ग एकच, आणि तो म्हणजे ‘लॉग आउट’ ही कळ. ती दाबली की सर्व्हर आपल्या वहीतील ७४२ या क्रमांकाची नोंद रद्द करतो. मग जुनी चिठ्ठी कोणी दाखविली, तरी ती चालावयाची नाही.

प्रवेशाची चिठ्ठी ज्याच्या हाती, त्याच्या हाती खाते, या गोष्टीचा प्रत्यय २०१० साली जगाला आला. एरिक बटलर या अमेरिकन कार्यक्रमकाराने ‘फायरशीप’ नावाचे साधन प्रसिद्ध केले. एकाच खुल्या वायफायवर बसलेल्या दुसऱ्या माणसाची न झाकलेली कुकी उचलून त्याच्या खात्यात कसे शिरता येते, हे त्याने त्यातून उघड केले. संकेतस्थळांनी जागे व्हावे, हा त्याचा उद्देश होता. त्यानंतरच्या काळात मोठ्या संकेतस्थळांनी सारी देवघेव गुप्त लिपीत करण्यास आरंभ केला. पत्त्याच्या प्रारंभी ‘एचटीटीपीएस’ ही अक्षरे असणे, ही त्या झाकलेल्या वाटेची खूण होय.

५. तिऱ्हाइताची चिठ्ठी

इथवरच्या कुकी उपयोगाच्या आहेत व त्यांवाचून चालणार नाही. यापुढील प्रकार वेगळा आहे.

आठवडी बाजारात एक मनुष्य बियाण्याच्या, औषधांच्या आणि पुस्तकांच्या अशा तिन्ही दुकानांत आपली जाहिरातीची पाटी लावतो, अशी कल्पना करावी. प्रत्येक पाटीजवळ त्याचा एकेक नोकर बसला आहे. गिऱ्हाईक पहिल्या दुकानात शिरताच नोकर त्याच्या खिशात ५१ क्रमांकाची चिठ्ठी टाकतो. पुढच्या दुकानी दुसरा नोकर तीच चिठ्ठी वाचून वहीत टिपून ठेवतो. सायंकाळी मालकापाशी एक यादी तयार होते : ‘क्रमांक ५१ ने कपाशीचे बियाणे पाहिले, मधुमेहाचे औषध विचारले, शिष्यवृत्ती परीक्षेचे पुस्तक चाळले.’ गिऱ्हाइकाचे या माणसाशी काही देणेघेणे नव्हते. तो त्याच्या दुकानी गेलाही नव्हता.

संकेतस्थळांवरील जाहिराती याच रीतीने काम करतात. पान एका संकेतस्थळाचे असते, पण त्यातील जाहिरातीची चौकट दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरून येते. ती चौकट येताना आपली कुकी ठेवून जाते. हीच कंपनी हजारो संकेतस्थळांवर चौकटी लावीत असल्यामुळे तिला एकाच वाचकाचा माग सर्वत्र लागतो. हिलाच तृतीय पक्षाची कुकी म्हणतात. एका संकेतस्थळाची चिठ्ठी दुसऱ्यास दिसत नाही, हा नियम येथे मोडत नाही. एकच तिऱ्हाईत सर्व ठिकाणी हजर असल्यामुळे तो निरुपयोगी ठरतो, इतकेच. सकाळी एका ठिकाणी पाहिलेल्या पंपाची जाहिरात दुपारी बातमीच्या पानावर का दिसते, याचे उत्तर पुष्कळदा येथे सापडते.

घरात फोन एकच असेल, तर वडिलांनी शोधलेले कर्ज, आईने वाचलेला आजार आणि मुलीने पाहिलेला अभ्यास हे सर्व एकाच क्रमांकाखाली गोळा होते. कोणाचे काय दुखते आणि कोणाला कशाची निकड आहे, हे परक्याला कळणे ही लहान गोष्ट नव्हे. गरजवंताची गरज ज्याला आधी कळते, तो सौद्यात वरचढ ठरतो, हे शेतकऱ्याच्या मुलास निराळे सांगावयास नको.

या प्रकाराविरुद्ध काही ब्राउझरांनी स्वतःच उपाय योजले. ॲपल कंपनीच्या सफारीने मार्च २०२० पासून तृतीय पक्षाच्या कुकी सरसकट रोखल्या. फायरफॉक्सने जून २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकींसाठी स्वतंत्र कप्पा करण्याची रीत सर्वांसाठी लागू केली. गूगलनेही क्रोममधून या कुकी काढून टाकण्याचा मनोदय जानेवारी २०२० मध्ये जाहीर केला होता; परंतु जुलै २०२४ मध्ये तो बेत सोडून दिला. त्यामुळे क्रोम वापरणाऱ्याने ही काळजी स्वतः घ्यावयाची आहे.

६. कायद्याची भूमिका

युरोपीय संघाने या विषयावर प्रथम २००२ साली निर्देश काढला आणि २००९ मधील दुरुस्तीने कुकी ठेवण्यापूर्वी वाचकाची संमती आवश्यक केली. २५ मे २०१८ पासून तेथे माहितीसंरक्षणाचा व्यापक नियमही लागू झाला. संकेतस्थळ उघडताच ‘कुकी स्वीकारता काय?’ अशी जी पट्टी दिसते, तिचे मूळ यात आहे. संमती देण्याची कळ ठळक आणि नाकारण्याची वाट आडवळणाची, हा प्रकारही तेथे चालू दिला गेला नाही. नाकारणे हे स्वीकारण्याइतके सोपे ठेवले नाही, म्हणून फ्रान्सच्या माहितीसंरक्षण आयोगाने गूगलला १५ कोटी युरो व फेसबुकला ६ कोटी युरो दंड केल्याचे जानेवारी २०२२ मध्ये जाहीर केले.

भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. पुढे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ संमत झाला. संमती मोकळेपणाने व समजून दिलेली असावी, ती मागताना वाचकास इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत मजकूर वाचण्याची सोय असावी, आणि संमती परत घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असावे, असे त्यात म्हटले आहे. आठव्या अनुसूचीत मराठी आहे, हे मुलांना अवश्य सांगावे. अठरा वर्षांखालील व्यक्तीस हा अधिनियम बालक मानतो. बालकाची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची संमती आवश्यक ठरवितो, आणि विहित अपवाद सोडता बालकांचा माग काढण्यास व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखविण्यास मनाई करतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांत प्रमुख कर्तव्यांसाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली.

कायदा हा कुंपणासारखा असतो. कुंपण असले तरी राखण करावीच लागते.

७. व्यवस्था कशी ठेवावी

(अ) परक्या किंवा सामाईक संगणकावर काम करताना पुढील क्रम पाळावा. प्रथम खासगी खिडकी उघडावी. क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट व एन या कळा एकत्र दाबल्या असता आणि फायरफॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट व पी दाबल्या असता ती उघडते. ‘मला लक्षात ठेवा’ या चौकटीत खूण करू नये. परवलीचा शब्द जपून ठेवू काय, असे ब्राउझरने विचारल्यास नकार द्यावा. काम संपल्यावर ‘लॉग आउट’ करावे आणि त्यानंतर सर्व खासगी खिडक्या बंद कराव्यात. तसे करताच त्या सत्रातील कुकी नाहीशा होतात. खासगी खिडकीमुळे आपण अदृश्य मात्र होत नाही; भेट दिलेले संकेतस्थळ व जोडणी पुरविणारी कंपनी यांना आपली ये-जा कळू शकते.

(आ) शाळेच्या संगणकावरील कुकी ठरावीक काळाने काढून टाकाव्यात. क्रोम, एज व फायरफॉक्स या तिन्हींत कंट्रोल, शिफ्ट व डिलीट या कळा एकत्र दाबल्या असता त्यासाठीची चौकट उघडते. तिच्यात कुकींसमोर खूण करून कालावधी निवडावा. फोनवर क्रोमच्या कोपऱ्यातील तीन ठिपक्यांतून ब्राउझिंगची माहिती हटविण्याच्या पर्यायाकडे जाता येते. हे करण्यापूर्वी अर्धवट भरलेला अर्ज जपून ठेवावा आणि परवलीचे शब्द आपणांस आठवतात याची खात्री करून घ्यावी. कारण कुकी गेल्या की सर्व ठिकाणी पुन्हा प्रवेश करावा लागतो.

(इ) तृतीय पक्षाच्या कुकी कायमच्या रोखाव्यात. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये गोपनीयतेच्या किंवा साइट सेटिंग्जच्या भागात तशी सोय आहे. क्वचित एखादे संकेतस्थळ त्यामुळे नीट चालत नाही. तेव्हा तेवढ्यापुरती सवलत देता येते. सर्वच कुकी रोखणे मात्र इष्ट नाही. तसे केल्यास बहुतेक ठिकाणी प्रवेशच होणार नाही.

(ई) संमतीची पट्टी दिसताच सवयीने पहिली कळ दाबू नये. ‘नाकारा’ किंवा ‘केवळ आवश्यक’ असा पर्याय शोधावा व तो निवडावा.

(उ) मर्यादा ओळखावी. कुकी पुसल्याने आपल्या यंत्रातील चिठ्ठी जाते; कंपनीच्या वहीतील जुनी नोंद त्यामुळे पुसली जात नाही. शिवाय फोनमधील ॲप बहुधा कुकीऐवजी जाहिरातीच्या निराळ्या क्रमांकावर चालतात. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमधील जाहिरातींच्या भागात हा क्रमांक हटविण्याची सोय असते.

८. वर्गातील मांडणी

या पाठास संगणकाची गरज नाही. चिठ्ठ्या व दोन वह्या पुरेशा आहेत.

पहिला भाग : एका मुलाच्या डोळ्यांवर रुमाल बांधून त्याला ‘दुकानदार’ करावे व एक ‘मुनीम’ द्यावा. चार मुले आवाज न करता आळीपाळीने त्याच्याकडे जातील. कोण आले, हे दुकानदारास सांगता येणार नाही. स्मरण नसलेला सर्व्हर तो हाच.

दुसरा भाग : आता प्रत्येक मुलास क्रमांकाची चिठ्ठी द्यावी. मूल आले की मुनीम क्रमांक वाचील व वहीत पाहून मागची खरेदी सांगेल. यानंतर एका मुलाने आपली चिठ्ठी बाकावर विसरावी आणि दुसऱ्याने ती उचलून न्यावी. मुनीम दुसऱ्यालाच पहिला समजेल. मुले हसतील. त्याच वेळी ‘चूक कोणाची?’ हा प्रश्न विचारावा व उत्तर मुलांकडूनच काढून घ्यावे.

तिसरा भाग : तीन दुकाने मांडून प्रत्येकापाशी ‘जाहिरातदारा’चा एकेक नोकर बसवावा. मुलांनी मनाला येईल तसे फिरावे. शेवटी जाहिरातदाराने आपली वही मोठ्याने वाचावी. आपला सारा फेरफटका दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मुलांना जे वाटेल, ते त्यांना स्वतःच्या शब्दांत सांगू द्यावे. ही वेळ घाईने उरकू नये. पाठाचे सार याच क्षणी मुलांच्या मनात उतरते. वस्तूंची नावे काल्पनिक असावीत. कोणत्याही मुलाच्या घरची खरी गोष्ट वर्गात उघड होऊ देऊ नये.

९. प्रश्न व स्वाध्याय

(१) केसपेपर व कुकी यांतील दोन साम्ये व एक भेद सांगा.

(२) पान बंद करणे आणि ‘लॉग आउट’ करणे यांत फरक कोणता?

(३) तिऱ्हाइतास आपण अनेक संकेतस्थळांवर गेल्याचे कसे कळते, ते आकृती काढून दाखवा.

(४) घरातील फोनवर मोठ्यांच्या परवानगीने व त्यांच्या समक्ष तृतीय पक्षाच्या कुकी रोखण्याची सोय शोधा व केलेली कृती क्रमाने लिहा.

शिक्षकांनी हा पाठ घेण्यापूर्वी चौथ्या प्रश्नातील कृती स्वतः एकदा करून पाहावी. तसेच शाळेच्या वा संगणक केंद्राच्या यंत्रावर यापूर्वी आपले खाते कोठे उघडे राहिले आहे काय, याचाही शोध घ्यावा व ते बंद करावे. पालक विश्वासाने मुलांची नावे शाळेच्या स्वाधीन करतात. रजिस्टरच्या कपाटाला कुलूप लावून किल्ली खिशात घातल्याखेरीज शिक्षक शाळा सोडीत नाहीत. संगणकासमोरून उठतानाही तीच सवय त्यांच्या हाताला लागावी.